खडूने आखलेले स्कॉटलंड

आमचे भावजी ज्या गावी अजून गेलेले नाहीत, त्या गावाची त्यांच्याइतकी खडान्‌खडा माहिती त्या गावात जन्मलेल्या माणसालाही नसते. भावजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, यजमान. यशवंतपूरच्या एका कारखान्यात त्यांनी जन्मभर यंत्रांचे आराखडे काढले आणि निवृत्त झाल्यावर, आखण्याजोगे दुसरे काही हाताशी न उरल्यामुळे, ते सहलींकडे वळले. घराचा उंबरा ओलांडण्यापूर्वीच त्यांची सहल पुरी झालेली असते. प्रत्यक्ष प्रवास हा त्यांच्या लेखी केवळ पडताळा. हंपीला गेलो तेव्हा वाटाड्या एका मंडपाकडे हात करून काही सांगू लागला, तर भावजी नम्रपणे म्हणाले, "आधी डावीकडचे खांब दाखवा. उजवीकडे या वेळेला डोळ्यांवर ऊन येतं." वाटाड्याने आदराने विचारले, "सर, याआधी किती वेळा आलात?" "पहिल्यांदाच," भावजी म्हणाले. बदामीच्या पायऱ्या त्यांच्या वहीतल्यापेक्षा तीन जास्त भरल्या, तेव्हा ते पुन्हा खाली उतरून पहिल्यापासून चढले, आणि तरीही तीनच जास्त भरल्यामुळे दिवसभर गप्प होते.

अशा माणसाच्या हाती त्यांच्या लेकीने आणि जावयाने स्कॉटलंड दिले. ती दोघे लंडनला असतात. भावजींच्या सत्तरीनिमित्त सगळ्यांनी मिळून तिथल्या एका आलिशान रिसॉर्टमध्ये आठवडाभर राहावे, असे त्यांनी ठरवले. दगडी गढीसारखा जुना वाडा, भोवती रान, समोर तळे, आणि थोडे बाजूला चार खोल्यांचे स्वतंत्र घर. तिथे स्वयंपाकी वेगळा, शेकोटीची बैठक वेगळी. भावजींनी आयुष्यभर धर्मशाळेत उतरून, पिशवीतले मेतकूट काढून भात कालवलेला. पण ऐषारामसुद्धा त्यांनी जबाबदारीने अंगावर घेतला. रिसॉर्टच्या स्वागतकक्षातल्या बाईंना त्यांची रोज एक ईमेल जाऊ लागली. न्हाणीघरातल्या टबाची उंची किती, कारण पत्नीचा गुडघा अमुक एवढाच वाकतो. दुधाला विरजण लावायचे असल्यास घरातला सर्वांत उबदार कोपरा कोणता. जेवणघराच्या भिंतीवर शिंगांसकट हरणाचे मुंडके आहे, त्याबद्दल त्यांनी लिहिले की आम्ही शाकाहारी आहोत. जेवताना हरणाची आणि आमची नजरानजर होणार नाही, अशा खुर्च्या द्याव्यात. त्या बाई कोण होत्या देव जाणे, पण त्यांनी प्रत्येक प्रश्नाचे उत्तर दिले, आणि अखेरीस त्या घराचा मोजमापांसह नकाशाच पाठवून दिला. तो ज्या दिवशी आला, त्या दिवशी भावजींनी दुपारची झोप घेतली नाही.

थंडीचीही सवय आधीपासून हवी म्हणून ऐन एप्रिलात ते लोकरी कोट घालून राजाजीनगरच्या भाजीवाल्याकडे जात. भाजीवाल्याने काळजीने कन्नडमध्ये विचारले, "एनु सार, ज्वर?" भावजी नकारार्थी मान हलवत, घाम पुसत म्हणाले, "इल्ला, प्रॅक्टिस." त्यावर त्याने एक लिंबू फुकट दिले.

आठ माणसे ठरली होती. भावजी आणि अक्का, लेक आणि जावई, भावजींचे कारखान्यातले एक मित्र आणि त्यांची पत्नी, आणि मी व माझी बायको. अडचण एवढीच होती की अक्का चार वर्षे माझ्याशी बोलत नव्हती. "तो येणार असेल तर मी घरीच बरी," असे तिने भावजींना सांगितले होते. भावजी दर रविवारी राजाजीनगरहून इंदिरानगरला आमच्याकडे एकटेच येत, कॉफी पीत, आणि या विषयाला स्पर्शही न करता परत जात. फक्त एका रविवारी जिना उतरता उतरता म्हणाले, "चार खोल्या आहेत रे. एक रिकामी राहिली तर नकाशा लंगडा होतो."

अक्काचे चुकले नव्हते. आईला तिने आठ वर्षे सांभाळले. मी महिन्यातून एकदा फळे घेऊन जाणारा मुलगा होतो. आई गेली त्या संध्याकाळी, घर नातेवाइकांनी भरलेले असताना, मी अक्काला म्हणालो, "कालच दवाखान्यात नेलं असतं, तर आई आज असती." अक्काच्या हातात पाण्याचा तांब्या होता. तो तिने हळूच खाली ठेवला. आठवड्याने मी कागदपत्रांसाठी दवाखान्यात गेलो, तेव्हा डॉक्टरांनी मला समोर बसवून आपणहून सांगितले की महिनाभर आधी आणले असते तरी काही करता आले नसते. उलट घरी होत्या म्हणूनच त्या शांतपणे गेल्या. ही गोष्ट मी त्याच दिवशी अक्काच्या दारात जाऊन सांगायला हवी होती. पण ती सांगायची म्हणजे आधी माझे वाक्य परत घ्यावे लागले असते. मी उद्यावर टाकले. मग प्रत्येक दिवसाबरोबर ते सांगणे अवघड होत गेले, कारण आता उशिराचाही जाब द्यावा लागणार होता. मनुष्य आपल्या लाजेला किती सहज भिडस्तपणाचे नाव देतो, हे मला त्या चार वर्षांत कळले.

भावजींच्या प्रत्येक सहलीआधी एक तालीम होते. स्कॉटलंडची तालीम राजाजीनगरला त्यांच्या गच्चीवर ठरली, आणि तालमीला न येणाऱ्याचे नाव यादीतून कटाप, हा त्यांचा जुना नियम. मला बोलावताना त्यांनी अक्काचे नाव घेतले नाही. अक्काला माझे सांगितले नसावे. मी वर गेलो तर सगळी गच्ची पांढऱ्या खडूने आखलेली. चारही खोल्या, न्हाणीघरे, मधला बोळ, बैठक, सारे खऱ्या मापात. लेक-जावयांच्या खोलीत त्यांच्या ऐवजी तुळशीच्या दोन कुंड्या ठेवल्या होत्या. मी सरळ पुढे पाऊल टाकताच भावजी कडाडले, "अरे, भिंतीतून येतोस? दार तिकडे!" मी मागे फिरून दाराने आत आलो. मित्राच्या पत्नीने न्हाणीघरातून सरळ बैठकीत पाय ठेवला, त्यांनाही परत पाठवण्यात आले. माझी बायको भावजींना हळूच म्हणाली, "अण्णा, पडदे लावलेत का? आम्ही कपडे बदलतोय," आणि भावजी हातातला कागद बघून गंभीरपणे म्हणाले, "पडदे जाड आहेत. निर्धास्त राहा."

अक्का हातात डबा घेऊन वर आली आणि मला पाहताच जिन्याशीच थांबली. भावजी तिला म्हणाले, "अगं, आत ये. शेकोटीसमोर दोन खुर्च्या आहेत, त्यांतलं अंतर तपासायचंय. बसल्याशिवाय कसं कळणार?" खडूच्या शेकोटीसमोर दोन खऱ्या खुर्च्या मांडलेल्या होत्या. एका खुर्चीत त्यांनी तिला बसवले, दुसरीत मला. मग बाकीच्यांना म्हणाले, "चला, जेवणघर खाली आहे," आणि सगळ्यांना घेऊन उतरले. जिन्यावरून त्यांचा आवाज आला, "स्वल्प वेळ लागेल हं. अंतर नीट बघा."

संध्याकाळचे ऊन खडूच्या रेषांवर पडले होते. अक्का डब्याच्या झाकणाकडे पाहत होती. मी चार वर्षे मनात जुळवलेली सगळी वाक्ये विसरलो.

"अक्का, डॉक्टरांनी मला सांगितलं होतं," मी म्हणालो. "तू आधी नेलं असतंस तरी काही झालं नसतं. महिनाभर आधी नेलं असतंस तरी."

तिने मान वर केली. "कधी सांगितलं?"

"आई गेली त्याच्या पुढच्या आठवड्यात."

"पुढच्याच आठवड्यात?" तिचा आवाज चढला नाही, आणि तेच मला सोसवेना. "चार वर्षं मी पहाटे उठून तोच दिवस पहिल्यापासून आठवते. नाश्त्याच्या वेळी नेलं असतं तर, दुपारी नेलं असतं तर. तू बोललास म्हणून नाही रे. मला आधीच तसं वाटत होतं, म्हणून ते लागलं. आणि उत्तर तुझ्यापाशी होतं?"

"होतं."

"मग का नाही सांगितलंस?"

"लाज वाटली, अक्का. माझं चुकलं. तेव्हा बोललो तेही चुकलं, आणि नंतर बोललो नाही ते त्याहून जास्त."

ती रडली, पदराने डोळे न पुसता, खूप वेळ. मी तिच्याकडे पाहत बसलो. नजर वळवण्याचा मला हक्क नव्हता. मग ती म्हणाली, "डॉक्टर काय म्हणाले ते नीट सांग. शब्दन्‌शब्द." मी सांगितले. "परत सांग." मी परत सांगितले. 'घरी होत्या म्हणूनच त्या शांतपणे गेल्या' या वाक्याशी आलो की ती हाताने थांबवी, आणि तेवढेच पुन्हा म्हणायला लावी. तिसऱ्या वेळेनंतर तिने डबा उघडून माझ्यापुढे धरला. "चकल्या आहेत. खा. वाळला आहेस."

ही खुर्च्यांची मांडणी मुद्दाम होती का, असे मी भावजींना नंतर एकदा विचारले. ते खरोखरच रागावले. "तालीम म्हणजे तालीम! दोन खुर्च्यांत पावणेचार फूट. ऐकू येतं की नाही, एवढंच बघायचं होतं मला." मी पुन्हा विचारले नाही. उपकार केले असे ज्याला वाटतच नाही, त्याचे आभार मानायचे तरी कसे, हे मला अजून साधलेले नाही.

आम्ही स्कॉटलंडला गेलो नाही. निघायच्या तीन आठवडे आधी भावजींच्या हृदयाची तपासणी झाली आणि इतका लांबचा विमानप्रवास डॉक्टरांनी मना केला. आम्ही जावे म्हणून त्यांनी खूप हट्ट धरला, पण अक्का म्हणाली, "तुमच्याशिवाय तिथं दारं कोण दाखवणार आम्हाला?" आणि तो विषय संपला. लेक-जावईच सुट्टी काढून इकडे आली. गच्चीवरचा खडू पहिल्या पावसाआधीच पायांखाली पुसून गेला.

आता रविवारी भावजींबरोबर अक्काही येते. आणि महिन्या-दोन महिन्यांनी, एखाद्या सकाळी, तिचा फोन येतो. इकडचे तिकडचे बोलून झाले की ती जरा थांबते आणि म्हणते, "डॉक्टर काय म्हणाले होते रे? एकदा सांग." मी हातातले काम बाजूला ठेवतो आणि सांगतो, घाई न करता, एकही शब्द न गाळता. ती ऐकते, "सरी, बरं," म्हणते, आणि फोन ठेवते.