घोड्यांचं घर

खांडबाऱ्यात दारूच्या भट्टीच्या घोड्यांसाठी विटांचा तबेला बांधत होते. मी शाळेत शिकवायला जाताना तिथला म्हातारा गवंडी रोज दिसे. घोड्याच्या एकेका ठाणात तो स्वतः आडवा होई, वारा कसा येतो ते डोळे मिटून पाही, आणि उठून झरोक्याच्या विटा पुन्हा बसवी.

एकदा मी हसून विचारलं, “घोड्यांसाठी एवढं?”

“मास्तर, ज्याले दार उघाडता येत नही, त्याचं घर नीट बांधनं पडस.”

पुढे चळवळीत आम्हाला पकडलं. तुरुंगात जागा नव्हती, म्हणून त्याच तबेल्यात घालून बाहेरून कडी लावली. भर वैशाखातली दुपार होती. मी एका ठाणात आडवा झालो, तर झरोक्यातला वारा नेमका तोंडावर आला.

इथंही त्यानं पडून पाहिलं होतं.