गोल झाला, साहेब

ओल्या चुन्याचा वास आला की मला भंडाऱ्यातलं फुटबॉलचं मैदान आठवतं. सत्तरचं दशक संपत आलं होतं, मी कॉलेजात होतो. अड्याळहून आम्ही एसटी भरून आमच्या संघाची फायनल बघायला गेलो होतो. समोर भंडाऱ्याचा संघ, आमचा जुना वैरी. त्यांच्या गोलकीपरच्या मागेच उभं राहून मी सामनाभर त्याला शिव्या घातल्या. अगदी शेवटी आमच्या फॉरवर्डचा फटका त्याने ओल्या चुन्याने आखलेल्या गोलरेषेजवळ पकडला. गोल झाला की नाही, ते पंचांना धुळीत दिसलंच नाही. दोन्हीकडचे लोक ओरडू लागले. तेवढ्यात गोलकीपरने चेंडू खाली ठेवला आणि म्हणाला, "गोल झाला, साहेब. बॉल आत गेला होता." आम्ही त्या एका गोलने जिंकलो. त्याचेच सोबती त्याच्याशी बोलेनात, तो एकटाच बूट सोडत बसला. मी जवळ जाऊन म्हटलं, "दादा, मी लय वाईट बोललो तुमाले." तो हसला. "सारं आयकू येत होतं. घसा बसला असन तुया, घे, पानी पी," म्हणत त्याने आपला गिलास माझ्यापुढे केला. आजही मी आपल्या संघासाठी बेंबीच्या देठापासून ओरडतो, पण समोरच्या गोलकीपरला शिवी देणं त्या दिवसापासून जमलं नाही.