कणगीत बसलेलं पित्त

माझ्या डोळ्याचं ऑपरेशन तीनदा मोडलं. लग्न मोडतं तसं. सगळी तयारी झालेली, माणसं आलेली, आणि ऐन वेळी नवरीचं तोंड बघून डॉक्टर म्हणाले, "आज नको."

डाव्या डोळ्यानं मला आता उजेड आणि अंधार एवढंच कळतं. उजव्यात मोतीबिंदू पिकत आलेला. तोही डोळा गेला तर संपलंच. शाळा माझी चौथीपर्यंत, पण पुडीचा कागदसुद्धा मी उलगडून वाचल्याशिवाय कधी टाकला नाही. जे काय शिकले ते असंच पुड्यांमधून. तेव्हा डोळा हवाच होता.

रोह्याचा दवाखाना चांगला, काही बोलायला जागा नाही. नर्स हिरवा डगला चढवायची, बाकावर बसवायची आणि गोड आवाजात म्हणायची, "आजी, इथं बसा, हलू नका हं. हाक मारते." झालं. तिची पाठ वळते न वळते तोच माझ्या मनगटाला खाज. मग कोपर, मग मान. हाक येईपर्यंत अंगभर पित्ताच्या गांधी आणि दोन्ही पापण्या पुरीसारख्या टम्म. डॉक्टर वाकून बघायचे आणि विचारायचे, "आजी, डोळा कुठाय?"

सून माझी नागोठण्याची. आवाज असा की अंबा नदीच्या पलीकडे चरणारी म्हैस मान वर करील. तिनं हे प्रकरण हातात घेतलं. आधी सुकट बंद. मग वांगं बंद. मग वाल! पावट्याच्या दिवसांत आमच्या घरात वाल नाही, लोकांना वाटलं कुणी गेलं की काय. मग डोक्याचं तेल, अंगाचा साबण, मांजर. शेवटी शेजारीण बंद झाली, कारण ती येऊन गेली की मी खाजवते असं सुनेच्या लक्षात आलं होतं. आता शेजारीण बोलते तेच असं, की कुणीही खाजवील. पण ऐकतं कोण? मुलगा कंपनीतून शिफ्ट करून आला की ताटात पेज. तो म्हणायचा, "पित्त आईला हाय ना गो? मग मी का पेज खातोय?"

"गप खा," सून म्हणायची. "आईंचा डोळा मोठा की तुझी जीभ?"

पेज खाऊनही तिसऱ्यांदा मोडलं, तेव्हा सुनेनं मला एस्टीत घातलं आणि पेणला रामवाडीत नेलं. तिथं कातडीची डॉक्टर बसते. माझ्या नातीच्या वयाची. तिनं काय खाता हे विचारलंच नाही. म्हणाली, "आजी, पहिल्यांदा कधी उठलं होतं, आठवतं?"

आठवतं म्हणजे? आमच्याकडे ती गोष्ट लग्नाकार्यात हसायला सांगतात.

आमचं गाव पेणच्या खारेपाटातलं. एकीकडे मिठागर, एकीकडे भातशेती, आणि खाडीचं पाणी थोपवायला मातीचा बांध. बांधाला खांड गेली, म्हणजे तो फुटला, की घरटी माणसं चिखल टाकायला धावायची. त्याला जोळ म्हणायचे. खांड बुजेपर्यंत बांध सोडायचा नाही, मग घरी चुलीवर काही का असेना. मी पाचसहा वर्षांची असेन. भादव्यातलं उधाण, दुपारची वेळ, आणि खांड गेली. पाणी घरात शिरणार हे दिसत होतं. घरात पाण्याच्या वर राहील अशी एकच वस्तू, ती म्हणजे ओट्यावरची भाताची कणगी. आयनं मला उचलून कणगीत ठेवलं. "हितं बस. हलू नको. मी हाक मारीन तवाच ये." वर सूप झाकलं आणि ती गेली.

खाली पाणी बुडबुडतंय. आत मी, तळाचं भात आणि एक उंदीर. उंदीर माझ्यापेक्षा घाबरलेला. आम्ही एकमेकांकडे बघत बसलो.

दिवेलागणीला आय आली. आता बघा गंमत. दुपारपासून बांधावर ओरडून तिचा घसा पार बसलेला. सूप उचललं, तोंड हललं, आवाज नाही. आणि मला तर सांगितलेलं, हाक मारीन तवाच ये. हाक कुठे आली? मी उठलेच नाही.

बाबा म्हणाले, "निघ गो भायेर."

"तू नाय. आय."

ओढायला गेले तर मी कणगीचा काठ सोडीना. सगळी आळी जमली. एकेक जण हाक मारून बघतोय. काकीनं तर आयचा आवाज काढून पाहिला. मी म्हटलं, "आय थंय उभी हाय, नि तू कशाला बोलतंस?" लोक हसून हसून चिखलात बसले. त्या रात्री मी कणगीतच जेवले, कणगीतच झोपले. आय बिचारी मिठाच्या गुळण्या करत राहिली. मिठाला काय तोटा आमच्याकडे! दुसऱ्या दिवशी दुपारी तिच्या घशातून खर्रकन निघालं, "ये गो." मी बाहेर आले ती अंगभर गांधी घेऊनच. पुन्हा सगळे हसले, आणि मला आमसुलाच्या पाण्यानं चोळून काढलं.

ही गोष्ट मी डॉक्टरणीला रंगवून सांगितली, काकीच्या नकलेसकट. ती हसली नाही. एवढी वर्षं सांगतेय, न हसणारं माणूस पहिल्यांदाच भेटलं.

ती म्हणाली, "आजी, पाणी वर येतंय, कुणी येतंय की नाही ठाऊक नाही... किती घाबरला असाल."

मी म्हटलं, "उंदीर होता ना सोबतीला."

मग तिनं समजावलं. प्रतिकारशक्ती म्हणजे अंगातली राखण. लहान वयात मोठी भीती बसली की काहींच्या अंगातली ही राखण पुढे झोपतच नाही. धोका नसला तरी आपल्याच अंगावर धावून जाते. पित्त, सांधे, दमा, कुणाला काय निघेल सांगता येत नाही. सगळ्यांचं होतं असं नाही, आणि तुमचं त्यानंच झालं हे मी छातीठोक सांगणार नाही, असंही म्हणाली. गोळ्या दिल्या. सुनेला म्हणाली, "वाल खाऊ द्या."

मला आमचा बांधावरचा राखण्या आठवला. त्या उधाणानंतर तो असा बिथरला, की पाण्यात चांदणं हललं तरी पत्र्याचा डबा बडवायचा. म्हैस मुतली तरी डबा. तसलाच एक माझ्या अंगात बसलाय म्हणायचा. माझ्या लग्नातही त्यानं डबा वाजवला होता. "इथं बस, हलू नको, मुहूर्त झाला की बोलावतो," असं भटजी म्हणाले, आणि मी मांडवात आले ती ओठ सुजवून. सासरची मंडळी अडून बसली, दाखवलेली मुलगी ही नव्हे! नवरोबा कानाशी येऊन म्हणाले, "कान तेच हायत." त्यावर लग्न लागलं.

चौथ्या खेपेला सून दवाखान्यात नर्सला म्हणाली, "ह्यांना बसवायचं नाय." गोळी घेऊन मी फाटकाबाहेर रसवंतीपाशी उभी. वेळ आल्यावर सुनेनं दारातून हाक मारली, "आईऽऽ, या!" रिक्षावालेसुद्धा वळले. मी चालत गेले ती थेट टेबलावर.

पण टेबलावर निजवून तोंडावर कापड घातलं, आणि डॉक्टर म्हणाले, "आता अजिबात हलू नका." कापडाखाली तोच सुपाखालचा अंधार. मनगटाला खाज सुरू झाली. मनात म्हटलं, वाजला डबा. गेला डोळा.

तेवढ्यात दाराबाहेरून, "आईऽऽ!"

"ओ!" मी म्हटलं.

"ओ म्हणा, पण डोकं हलवू नका," डॉक्टर म्हणाले.

"आईऽऽ, ऐकताय ना?"

"ओ!"

नर्स सुनेला गप्प करायला निघाली, तर डॉक्टरच म्हणाले, "ओरडू दे तिला, पापणी सुजत नाहीये." मग काय! बाहेर सून हाका मारतेय, आत मी ओ देतेय, आणि मधे डॉक्टर आपले मोतीबिंदू काढतायत. बाकावरचा एक म्हातारा विचारत होता म्हणे, ह्या दवाखान्यात भूल अशीच देतात काय? गांधी आल्या, नाही असं नाही. पण मनगटाच्या वर चढल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी पट्टी काढली. आधी पांढरं दिसलं, मग खिडकी, मग समोर उभी सून. केवढे पांढरे केस झालेत तिचे, मला ठाऊकच नव्हतं. ती काहीतरी म्हणाली. तोंड हललं, आवाज नाही. काल ओरडून ओरडून तिचा घसा बसला होता.

मी बघत राहिले तिच्या ओठांकडे. मनगट खाजलं. तिनं हात पुढे केला, पुन्हा ओठ हलवले.

हाक काही आली नाही. मी उठले, तिचा हात धरला आणि म्हटलं, "चल गो. घरी जाऊन मिठाच्या गुळण्या कर. वाल मी सोलते."