शैलजाबाईंचे जांभळे कांदे

साखरखेर्ड्यात शैलजाबाईंनी एकतीस वर्षं मराठी शिकवलं. निवृत्तीनंतर वर्षभरातच लकव्याचा झटका आला. पाय सावरले, पण उजव्या हाताची मूठ उघडेना. डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम त्यांनी आठवड्यात सोडला आणि अंगणात येणंही.

सिमल्याला राहणाऱ्या मुलीनं, नीरजानं, दहा कंद पाठवले. फुलांचे कांदे, नुसते शोभेचे. बाईंचे यजमान उद्धवराव यांनी ते अंगणात लावले. पात आली, वाळली, फूल नाहीच. ते कंद उपटून फेकायला निघाले, तेव्हा शेजारच्या तानुबाईंनी अडवलं. त्यांची वीस वर्षं कांदाबियाण्याच्या शेतात मजुरीत गेलेली.

"फेकता काऊन? थंडी भेटल्याबिगर कांदा दांडा टाकत नाही. फ्रिजात ठेवा."

पावसाळा सरल्यावर कंद अडीच महिने भाजीच्या कप्प्यात राहिले. त्यातले तीन उद्धवरावांनी चुकून पोह्यांत चिरले. उरलेले सात डिसेंबरात लावले. मार्चमध्ये पाच दांडे वर आले आणि प्रत्येकावर लिंबाएवढा जांभळा गेंद फुलला. शैलजाबाई कुणी न बोलावता अंगणात आल्या.

तानुबाईंनी त्यांचा उजवा हात धरला. "फुलावरून तळवा फिरवला का बी धरते. शेतात जाळीच्या आत मधमाशी येत नाही, तिथं आम्ही असंच करतो."

"हात उघडत नाही हो."

"मंग जेवढा उघडते तेवढा फिरवा. फुलाले कुठं समजते?"

रोज सकाळी दोघी पाचही फुलांपाशी जात. आधी नुसती बोटांची पेरं टेकली, मग बोटं. फुलं सुकायला आली तेव्हा निम्मा तळवा टेकत होता. शैलजाबाईंनी सोडलेला व्यायामही पुन्हा धरला.

मे महिन्यात चमचाभर काळं बी निघालं. नीरजाला पाठवायच्या पाकिटावर बाईंनी उजव्या हातानं वेडीवाकडी अक्षरं काढली.

"काय लिहिलं?" तानुबाईंनी विचारलं.

"तानुबाईंचं बियाणं."

तानुबाईंनी पाकीट हातात घेतलं. मग म्हणाल्या, "आजवर दुसऱ्याच्या नावाचीच पाकिटं भरली. माह्या नावाचं पह्यल्यांदा पाहून राह्यली."

"बसा," शैलजाबाई म्हणाल्या, आणि स्वतः चहा टाकायला आत गेल्या.