दोरीवरचा निळा शर्ट

समोरच्या बाल्कनीत एक बाई पुरुषाचा शर्ट वाळत घालत होती. तिने तो दोनदा झटकला, बाह्या सरळ केल्या आणि मला आई आठवली.

मी सहावीत असताना वडिलांनी दुसरीकडे संसार थाटला. आईने ते गल्लीला कळू दिलं नाही. दर रविवारी ती त्यांचा मागे राहिलेला निळा शर्ट धुवायची आणि मी तो रस्त्याकडच्या दोरीवर घालायचो. शेजारच्या काकू विचारायच्या, "काय गं, आले वाटतं साहेब?"

"आले होते, पहाटेच गेले ड्युटीवर."

"आम्हाला बरे कधी दिसत नाहीत!"

मी खाली मान घालून चिमटे लावत राहायचो. उन्हाने त्या शर्टाचे खांदे विटले, कॉलर मात्र कधी झिजली नाही. काकूंच्या ते लक्षात आलं नसेल, असं आता वाटत नाही.

त्याच आईने लोकांचे ब्लाऊज शिवून मला घरातला पहिला पदवीधर केलं. तिचे उपकार फिटणार नाहीत. पण तिच्याकडून मी लपवायलाही शिकलो. वडील वारले, असं मी बायकोला लग्नाआधीच सांगून टाकलं होतं.

"एवढं काय बघताय?" ती शेजारी येऊन उभी राहिली.

"आईची आठवण आली."

"आणि बाबांची? ते कशाने वारले, तुम्ही कधी सांगितलंच नाहीत."

आज सांगावं, असं फार वाटलं.

"ताप आला होता," मी म्हटलं, आणि आमच्या दोरीवरचे चिमटे उगाच नीट करत राहिलो.