नळाच्या पाण्याची नोंद

त्या प्रयोगशाळेत बुरश्यांचा स्वयंपाक मावशी करत. बटाटे सोलायचे, उकळायचे, कापडातून गाळायचे, त्या पाण्यात साखर विरघळवायची, काचेच्या फ्लास्कांत भरायचं आणि प्रेशर कुकरच्या थोरल्या भावासारख्या दिसणाऱ्या यंत्रात ठेवून निर्जंतुक करायचं. बुरशीच्या या खाद्याला तिथे ‘मीडिया’ म्हणत. त्यामुळे मावशींची धाकटी जाऊ येईल-जाईल त्याला सांगे, “आमच्या जाऊबाई मीडियात असतात.” लोक अदबीने बघत. मावशींनी तो गैरसमज कधी दूर केला नाही.

बावीस वर्षं त्या हे काम करत होत्या. शिक्षण दहावीपर्यंतच, पण हात असा स्वच्छ, की त्यांनी भरलेल्या फ्लास्कात नको ते कधी उगवलं नाही. त्याचा त्यांना अभिमान होता, आणि तो त्या लपवतही नसत.

त्या वर्षी पीएचडी करणाऱ्या मुलीची बुरशी रुसली. ही बुरशी झाडाच्या पानाच्या आत राहायची. पानाला काही त्रास न देता, गुपचूप, भाडेकरूसारखी. फ्लास्कात वाढवली की ती एक पिवळा पदार्थ सोडायची, आणि तो पदार्थ रोगजंतूंना मारायचा. जंतूंनी भरलेल्या बशीत त्याचा थेंब ठेवला, की भोवती स्वच्छ गोल पडे. मागच्या वर्षी असे तीन सुरेख गोल पडले होते. त्यानंतर बुरशी वाढत होती, फोफावत होती, पण पाणी पांढरंच. गोल नाही की काही नाही.

“खाऊन-पिऊन सुखी, काम मात्र शून्य,” मावशी म्हणाल्या.

मुलगी हसली नाही. आठ महिने झाले होते. साखर बदलून झाली, उष्णता बदलून झाली, पानातून बुरशी नव्याने काढूनही झाली. शेवटी विभागप्रमुख मॅडम म्हणाल्या, “तो पहिला निकालच चुकीचा असेल. विषय बदल.”

मुलगी भांडी धुण्याच्या मोरीपाशी येऊन उभी राहिली. डोळे लाल. “मावशी, मी खोटं नव्हतं हो लिहिलं. तीन वेळा आलं होतं!”

“कुठल्या तारखांना?”

मुलीने तारखा सांगितल्या. मावशींनी हात पुसले आणि कपाटातून आपली वही काढली. कोणत्या दिवशी काय शिजवलं, कितीदा गाळलं, सगळं त्या टिपून ठेवत. पानं उलटता उलटता त्यांचं बोट थांबलं. तिन्ही तारखांसमोर त्यांच्याच अक्षरात लिहिलं होतं: ‘शुद्ध पाण्याचं यंत्र बंद. नळाचं पाणी वापरलं.’

नळाचं पाणी वापरणं म्हणजे तिथे पापच. तेव्हा दुरुस्तीवाला आठवडाभर फिरकला नव्हता, आणि काम अडू नये म्हणून मावशींनी कुणाला न विचारता नळ सोडला होता. वहीत लिहिलं, पण तोंडाने कुणाला सांगितलं नव्हतं. आता सांगावं, तर बावीस वर्षांच्या नावाला बट्टा. वही मिटून कपाटात ठेवली असती, तर कुणाच्या बापाला कळलं नसतं.

त्यांनी पदर खोचला आणि वही घेऊन तडक मॅडमच्या खोलीत गेल्या. मुलगी मागोमाग.

“मॅडम, चूक माझी आहे. पण पोरगी खरं बोलतेय.”

मॅडमनी ते पान दोनदा वाचलं. मावशी बोलणी खायच्या तयारीने उभ्या होत्या. मॅडमनी चष्मा काढला. “मावशी, उद्या सहा फ्लास्क लावा. तीन शुद्ध पाण्याचे, तीन नळाचे. वर फक्त आकडे टाका. कुठला कशाचा, ते तुमच्या वहीतच राहू दे.”

चौदा दिवसांनी तीन फ्लास्क हळदीसारखे पिवळे झाले होते. मावशींनी वही उघडली. तिन्ही नळाचे! मुलीने त्यांना अशी मिठी मारली, की हातातलं झाकण खाली पडलं.

पुढचे चार महिने नळाच्या पाण्यात असं आहे तरी काय, हे शोधण्यात गेले. शुद्ध पाण्यात एकेक क्षार चिमूट-चिमूट घालून मावशींनी दीडशेवर फ्लास्क शिजवले. लोहाने काही झालं नाही. मँगनीजने काही झालं नाही. जस्ताने मात्र पाणी पिवळं झालं. इमारतीचे जुने पाइप जस्ताचा मुलामा दिलेले होते, त्यांतून ते उतरत होतं. मॅडमना वाटलं, दुप्पट घातलं तर दुप्पट पदार्थ मिळेल. मावशी म्हणाल्या, “मीठ दुप्पट घालून भाजी दुप्पट चांगली होते का?” तरी करून पाहिलं. पाणी पुन्हा पांढरं.

शोधनिबंध छापून आला, त्यात लेखकांच्या यादीत मावशींचं नाव होतं. तळटीपेत नव्हे, आभारातही नव्हे, मुलीच्या आणि मॅडमच्या मधोमध. मावशींचा नवरा शिंपी. त्याने ते पान दुकानात कापडाच्या गठ्ठ्यावर उलगडून ठेवलं आणि दिवसभर त्यावर काही कापलं नाही. गिऱ्हाइकांना सांगे, “समजत मलाही नाही. नाव तेवढं वाचा.”

विभागात त्यावर व्याख्यान झालं. बाहेरून आलेल्या एका वयस्कर प्राध्यापकांनी मावशींना मुद्दाम उभं करून विचारलं, “अहो, स्वतःचीच चूक तुम्ही लिहून ठेवलीत कशी?”

“वही कशासाठी असते मग?” मावशी म्हणाल्या. सभागृहात टाळ्या वाजल्या. मावशींचे कान तापले, पण मान ताठ होती.

दुसऱ्या आठवड्यात शेजारच्या विभागातले एक सर स्वतः जिना चढून आले. हातात बशी, बशीत करडी, मरगळलेली बुरशी.

“मावशी, हिला काय खायला घालू?”

मावशींनी बशी उजेडात धरून नीट पाहिली.

“बसा,” त्या म्हणाल्या. “आधी सांगा, ही कुठल्या झाडावरची?”