जवळ्याचा वास

तव्यावर परतल्या जाणाऱ्या जवळ्याचा, त्या बारीक सुक्या कोळंबीचा, खारट, खरपूस वास आला, की मला संताप येतो. शाळेत असताना एकदा मधल्या सुट्टीत गुरुजींनी माझा डबा हुंगला आणि वर्गासमोर म्हणाले, "हा वास शाळेत चालणार नाही." तांदळाची भाकरी आणि जवळा त्यांनी मला माझ्याच हाताने कुत्र्यापुढे टाकायला लावला, पोरी नाक दाबून "सुकटीबाय गो!" म्हणत खिदळल्या. संध्याकाळी रिकामा डबा पाहून आई हरखली, "समदा खाल्लास ना गो?" उपाशी मी मान डोलावली. पुढच्या आठवडी बाजाराला धसई गावात, आईच्या सुक्या मासळीच्या टोपलीपुढे तेच गुरुजी उभे राहिले. आईच्या सांगण्यावरून मी मूठभर जवळा त्यांच्यापुढे धरला. त्यांनी डोळे मिटून तो हुंगला, आणि जो आठवला की माझी मूठ आजही आवळली जाते, तो एकच शब्द मला म्हणाले, "चालेल."